परिचारिका ते समुपदेशिका: कोथरूडमधील एका समुपदेशन सेवेविषयी

कोथरूडमध्ये, कर्वे पुतळ्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे समुपदेशन केंद्र आहे. ते एकच बाई चालवतात. तेथे मदतनीस नाही, स्वागतकक्ष नाही आणि भिंतीवर प्रेरणादायी वचनेही नाहीत; वेळ ठरवण्यापासून पावती फाडण्यापर्यंतची सर्व कामे त्या स्वतःच करतात. गेल्या वर्षभरातील बराच काळ मी त्यांच्याकडे जात होते. आता भेटी जवळजवळ संपल्या आहेत, त्यामुळे या सेवेविषयी थोड्या अंतरावरून लिहिता येईल असे वाटते.

त्यांचे नाव मी येथे देत नाही, आणि हे त्यांच्याच इच्छेनुसार आहे. उपचार घेत असलेल्या माणसाकडून प्रशस्ती मिळवणे त्यांना गैर वाटते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेतही, ज्यांचे उपचार चालू आहेत अशा व्यक्तींकडून शिफारसवजा अभिप्राय मागण्यास मनाई आहे. कारण उघड आहे: ज्याच्यापुढे आपण मन उघडे केले त्याला नकार देणे कोणालाही जड जाते. नाव नसलेल्या परीक्षणाचा वाचकांना काय उपयोग, असा प्रश्न येथे पडू शकतो. समुपदेशकाची निवड करताना आपण त्याच्या पूर्वायुष्यात नेमके काय पाहावे, या प्रश्नाचे या बाईंच्या कामात मला जे उत्तर मिळाले ते इतरांनाही वापरता येईल, असे मला वाटते.

माझा प्रश्न थोडक्यात सांगते. सासूबाईंना अल्झायमर्स होता आणि अनेक वर्षे त्यांचे सर्व काही मी घरीच केले. शेवटी न्यूमोनियामुळे त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि अतिदक्षता विभागात पहाटे त्यांचे निधन झाले. त्या वेळी मी घरी झोपले होते. त्यानंतर माझी झोप गेली. 'शेवटी जवळ कोणीच नव्हते म्हणे' हे एका नातेवाईक बाईंचे वाक्य डोक्यातून जाईना, आणि घरात कोणी सासूबाईंचा विषय काढला की मी उठून आत जाऊ लागले. धाकट्या जावेने हे ओळखले आणि समुपदेशनाचा आग्रह धरला.

या बाईंकडे जाण्यापूर्वी मी दुसऱ्या एका समुपदेशकांकडे काही वेळा गेले होते. त्यांच्या परिचयपत्रकात त्यांच्या स्वतःच्या नैराश्याची, घटस्फोटाची आणि त्यातून बाहेर येण्याची कहाणी पानभर होती, आणि ती वाचूनच मी त्यांची निवड केली होती. ज्याने सोसले आहे त्याला माझे कळेल, असा माझा साधा हिशोब होता. प्रत्यक्षात प्रत्येक भेटीतला मोठा वेळ त्यांच्या कहाणीतच जाई. मी काही सांगितले की त्यांना त्यांच्या आयुष्यातला तसाच प्रसंग आठवे, आणि निघताना त्यांचे सांत्वन केल्यासारखे वाटे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. अलीकडे मात्र परिचयपत्रकांतून स्वतःच्या दुःखाची अशी सविस्तर जंत्री देण्याची पद्धत पडत चालली आहे, आणि वेदना ही पदवीसारखी मिरवली जाऊ लागली आहे. मला ती पद्धत आवडत नाही.

कोथरूडच्या बाईंचे पत्रक या पार्श्वभूमीवर वेगळे वाटले. पहिल्या भेटीत त्या दोन छापील पाने हातात देतात आणि ती वाचून होईपर्यंत गप्प बसतात. त्यांचे बालपण मिरजेत गेले. वडील तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिरांपैकी. बारावीनंतर त्यांनी जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम केला आणि पुढे सुमारे दोन दशके सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातील मोठा काळ पुरुषांच्या मेडिकल वॉर्डमध्ये आणि नंतर अतिदक्षता विभागात. चाळिशी उलटल्यावर मानसशास्त्रात एम. ए., मग समुपदेशनाची पदविका आणि विवेकनिष्ठ पद्धतीचे प्रशिक्षण. स्वतःच्या दुःखाविषयी पत्रकात एकच वाक्य आहे: नोकरीच्या अखेरच्या काळात आपल्यालाही समुपदेशनाची गरज पडली आणि आपण ते घेतले. कशासाठी घेतले, हे लिहिलेले नाही, आणि मी ते कधी विचारले नाही.

दुसऱ्या पानावर त्या काय नाहीत याची माहिती आहे, आणि माझ्या मते त्या पत्रकातला तोच सर्वांत मोलाचा भाग आहे. आपण मानसोपचारतज्ज्ञ नाही, त्यामुळे औषधे देत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नाही आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे आपली तशी नोंद नाही. तीव्र मनोविकार, व्यसन आणि लहान मुलांचे प्रश्न आपण हाताळत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा स्पष्टपणा आपल्याकडे दुर्मिळ आहे. एम. बी. बी. एस. नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर हा मानसोपचारतज्ज्ञ. 1992 च्या पुनर्वास परिषद कायद्यानुसार नोंदणी झालेला, सामान्यतः दोन वर्षांची एम. फिल. केलेला तो चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. आणि समुपदेशक या तिसऱ्या शब्दामागे मात्र महिन्याभराच्या वर्गापासून अनेक वर्षांच्या प्रशिक्षणापर्यंत काहीही असू शकते. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला त्याने समुपदेशकांनाही नियमनाच्या कक्षेत घेतले आहे, पण त्याची घडी अजून बसते आहे. तोपर्यंत पाटी वाचून काही कळत नाही, विचारावेच लागते. या बाई न विचारता सांगतात.

परिचारिकेची नोकरी त्यांच्या समुपदेशनात कोठे दिसते, हे मी बराच काळ पाहत होते. त्या रुग्णालयातले किस्से सांगत नाहीत. दिसते ती सवयींत. पहिल्याच भेटीत, मी अजून सासूबाईंपर्यंत पोहोचलेही नव्हते, तेव्हा त्यांनी झोप किती, भूक कशी, पाळी थांबली का, रक्तदाब कधी तपासला होता, हे विचारून घेतले आणि नेहमीच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, बी 12 आणि हिमोग्लोबिन पाहून घ्या असे सांगितले. थायरॉइड मंदावल्यास उदासी, थकवा, विस्मरण ही लक्षणे दिसतात, आणि मनाचे दुखणे समजून कोणी महिनोन्‌महिने बोलत बसावे, हे त्यांना मान्य नाही. माझे बी 12 खरोखरच कमी निघाले. त्याच्या उपचाराने अपराधीपणा गेला नाही, पण दुपारी येणारी गळाठ गेली, आणि कोणता त्रास कशाचा हे वेगळे करता आले.

दुसरी सवय नोंदींची. रुग्णालयात पलंगाच्या पायथ्याशी जो तापाचा, नाडीचा आणि श्वासाचा तक्ता टांगलेला असतो त्याच शिस्तीने त्या घरी भरण्यासाठी एक कागद देतात: झोपेचे तास, दिवसभरातील सर्वांत जड वेळ, त्या वेळी मनात आलेले वाक्य जसेच्या तसे, आणि त्रासाला शून्य ते दहा यांतला एक आकडा. प्रारंभी मला हे शाळकरी वाटले. पण काही आठवड्यांनी तक्ते ओळीने मांडल्यावर असे दिसले की माझा त्रास दिवसभर सारखा नसून पहाटे आणि नातेवाइकांचा फोन आल्यानंतर वाढतो. संध्याकाळी स्वयंपाक करताना तो जवळजवळ नसतो. 'मला सतत त्रास होतो' या माझ्या विधानाचे तेथल्या तेथे खंडन झाले, आणि तेही त्यांनी काही न बोलता. वॉर्डमध्ये पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला 'ओव्हर' द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक रुग्णाची स्थिती थोडक्यात आणि अचूक सांगावी लागते. प्रत्येक सत्राच्या आरंभी त्या मागच्या भेटीचा असाच ओव्हर मला वाचून दाखवत आणि 'यात काही चुकले आहे का?' असे विचारत. एकदा मी एक शब्द बदलायला सांगितला, तर त्यांनी जुना शब्द खोडून माझा लिहिला.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. त्या खोटा दिलासा देत नाहीत. 'सगळे ठीक होईल' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही. अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना काय सांगावे आणि काय सांगू नये, हे ज्यांना रोज ठरवावे लागले, त्यांना या वाक्याची किंमत माहीत असणार. सुरुवातीला हा कोरडेपणा मला खटकला. दिलासा घरचेही देत होते, आणि तो ऐकून माझ्यात काही फरक पडत नव्हता, हे लक्षात आल्यावर खटकेनासा झाला.

त्यांची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या आरईबीटीची (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी). महाराष्ट्रात ही पद्धत अनेकांना माहीत आहे ती मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे, त्यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ती आत्मसात केली आणि येथे रुजवली. ठाण्यात 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी करणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी व्याख्यानांतून आणि लेखनातून ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. पुण्या-मुंबईत आज जे समुपदेशक मराठीतून काम करतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या बोलण्यात या परंपरेचे शब्द आढळतात.

एलिस यांचा येथे उल्लेख करण्याचे दुसरेही कारण आहे: उपचारकाचे पूर्वायुष्य पद्धतीत कसे उतरते याचे त्यांच्याइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. 1913 मध्ये पिट्सबर्गला जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात वाढलेले एलिस लहानपणी मूत्रपिंडाच्या विकाराने दीर्घकाळ रुग्णालयात होते, आणि आईवडील त्यांना भेटायला फारसे येत नसत. तरुणपणी ते इतके लाजाळू होते की अनोळखी स्त्रीशी बोलणे त्यांना अशक्य वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी स्वतःहून संभाषण सुरू केले. भेटीला तयार झाली एकच, आणि तीही ठरल्या वेळी आली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही हे त्यांना पटले आणि लाज गेली. पुढे कोलंबिया विद्यापीठातून 1947 मध्ये डॉक्टरेट मिळवून त्यांनी काही वर्षे मनोविश्लेषणाचा व्यवसाय केला, त्याच्या संथपणाला कंटाळून तो सोडला, आणि 1955 मध्ये स्वतःची पद्धत मांडली. घटना आपल्याला अस्वस्थ करीत नाही, घटनेविषयीचा आपला समज अस्वस्थ करतो, हा एपिक्टीटस या प्राचीन तत्त्ववेत्त्याचा विचार तिच्या मुळाशी आहे. आणि भीती वाटते तीच कृती करून पाहण्याचा जो गृहपाठ या पद्धतीत दिला जातो, तो त्या उद्यानातला आहे.

पूर्वायुष्य सांगण्याच्या बाबतीत याच्या उलट टोकाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान आहेत. आत्महत्येच्या काठावर असलेल्या रुग्णांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी त्यांनी विकसित केली, आणि स्वतः किशोरवयात त्याच अवस्थेत हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी 2011 पर्यंत जाहीर केले नव्हते. तोवर त्यांच्या पद्धतीची उपयुक्तता अभ्यासांतून सिद्ध झाली होती. पुण्यात मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात परिस्थिती पुन्हा निराळी. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून 1986 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसे समुपदेशक म्हणून काम करीत आली आहेत, आणि तेथे पूर्वायुष्य सांगणे हा उपचाराचाच भाग आहे; 'तुला काय कळणार?' या व्यसनी माणसाच्या प्रश्नाला दुसरे उत्तरच नाही. म्हणजे सांगावे की सांगू नये याला सरसकट नियम नाही. सांगितल्याने समोरच्याचे काम पुढे सरकते का, एवढेच पाहायचे.

कोथरूडच्या बाईंनी माझ्यासमोर त्यांचे पूर्वायुष्य एकदाच उघडले. आम्ही त्या पहाटेच्या घटनेवर काम करीत होतो. या पद्धतीत घटना, समज आणि परिणाम असे तीन रकाने करतात. घटना: सासूबाईंचे निधन झाले तेव्हा मी घरी होते. परिणाम: झोप नाही, छातीवर दडपण, नातेवाइकांना टाळणे. मधल्या रकान्यात मी लिहिले होते: 'त्या रात्री मी तिथे असायलाच हवे होते, आणि नव्हते म्हणजे मी आधी केलेले सगळे फुकट गेले.' बाईंनी या वाक्याला तीन बाजूंनी प्रश्न केले. याला पुरावा काय? एकातून दुसरे निघते का, म्हणजे एका रात्रीच्या गैरहजेरीने मागची वर्षे पुसली जातात का? आणि हे मानत राहिल्याने तुमचे किंवा त्यांचे काय भले होते? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, पण पहिल्यावर मी अडून बसले. मी तिथे असते तर त्यांना माझा हात तरी जाणवला असता, असे मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले आणि सांगितले की अतिदक्षता विभागात अशा पहाटे त्यांनी अनेकदा पाहिल्या आहेत. रात्रभर बसलेला मुलगा चहा प्यायला खाली जातो आणि तेवढ्यात वडील जातात, हे इतक्या वेळा घडते की त्यांच्या वॉर्डमधल्या सिस्टर नातेवाइकांना त्याविषयी आधीच सांगून ठेवू लागल्या होत्या. आणि मग, त्याच स्वरात: 'जवळ कोणी नव्हते, असे तुमच्या नातेवाईक म्हणाल्या. अतिदक्षता विभागात रात्रपाळीची सिस्टर असते.' पुढे काही बोलल्या नाहीत. दोन-तीन वाक्यांपलीकडे त्या गेल्या नाहीत, स्वतःला काय वाटे ते सांगितले नाही, आणि लगेच पुन्हा मधल्या रकान्याकडे वळल्या. पण ज्या पहिल्या प्रश्नावर मी अडून बसले होते त्याचे उत्तर त्यात होते. सासूबाई एकट्या नव्हत्या, ही शक्यता मी तोपर्यंत विचारातच घेतली नव्हती. दुसऱ्या कोणा समुपदेशकाने हेच तर्काने सांगितले असते तर मी कदाचित वाद घातला असता; ज्या बाई रात्रपाळीच्या सिस्टरच्या खुर्चीवर रात्ररात्र बसल्या होत्या त्यांच्याशी वाद घालता आला नाही.

त्यानंतरचे काम लांब आणि बऱ्याच अंशी कंटाळवाणे होते. या पद्धतीत दुःख काढून टाकण्याचे आश्वासन नसते. अपराधगंडाच्या जागी खंत आणायची असते, आणि या दोहोंत मोठा फरक आहे. खंत असलेला माणूस सासूबाईंचा फोटो पाहू शकतो, वर्षश्राद्धाला स्वयंपाक करू शकतो, त्यांच्या विसरभोळेपणाचा गमतीदार प्रसंग नातवंडांना सांगू शकतो. गृहपाठ म्हणून मला त्याच नातेवाईक बाईंच्या घरच्या हळदीकुंकवाला जायला सांगितले गेले. अट एवढीच की विषय निघाला तर खुलासा द्यायचा नाही आणि उठून जायचे नाही. विषय निघाला. मी 'हो, मी घरी होते' एवढेच म्हणाले आणि वाण घेऊन बसून राहिले. एलिस स्वतः आपल्या रुग्णांना लाज घालवण्यासाठी दोरीला केळे बांधून रस्त्यातून फिरवून आणण्यासारखे विक्षिप्त गृहपाठ देत. त्यामानाने मी स्वस्तात सुटले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव पद्धतीतच आहे. ती विचारांवर चालते, आणि ज्याचे दुःख अगदी ताजे आहे त्याला 'पुरावा काय?' हा प्रश्न निर्दय वाटू शकतो. बाई वेळ ओळखून प्रश्न करतात, तरी एकदोनदा, मला नुसते रडायचे होते अशा दिवशी, रकाने पुढे आले, आणि मी ते स्पष्ट सांगितल्यावरच मागे घेतले गेले. लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी येथे जाऊ नये; गृहपाठ न केल्यास त्या रागावत नाहीत, पण सत्राचा बराच वेळ तो का झाला नाही याच्या चर्चेत जातो. त्यांचे बोलणे कधीकधी वॉर्डमधल्या सूचनेसारखे तुटक होते. लहानपणच्या अनुभवांत खोलवर शिरून स्वतःला समजून घ्यावे, अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांची येथे निराशा होईल. जागेबद्दल सांगायचे तर इमारतीला लिफ्ट नाही, गुडघेदुखी असणाऱ्यांना दोन जिने जड जातात. आणि शेजारी शिकवणीचे वर्ग असल्याने संध्याकाळी साडेपाचनंतर भिंतीपलीकडून मुलांचा गलका ऐकू येतो. आपले बोलणे पलीकडे जात असेल का, ही शंका मला आरंभी छळत असे. आता त्यांनी त्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले आहे, पण सकाळची वेळ मिळाल्यास तीच घ्यावी.

गोपनीयतेच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. माझ्या यजमानांनी काळजीपोटी त्यांना परस्पर फोन केला होता. त्यांना 'तुमच्या पत्नी माझ्याकडे येतात की नाही, हेही मी सांगू शकत नाही' असे उत्तर मिळाले, आणि पुढच्या भेटीत तो फोन आल्याचे मला प्रथम सांगण्यात आले. पुढे माझ्या संमतीने यजमान एका सत्राला आले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याला काही अपवादही आहेत. जिवाला धोका असल्यास आपण मौन सोडू, हे बाई पहिल्याच दिवशी सांगून सही घेतात. दिवाळीत मी चकल्यांचा डबा नेला होता, तर त्यांनी एक चकली माझ्यासमोर खाल्ली आणि डबा परत दिला. मुलीच्या साखरपुड्याचे आमंत्रणही त्यांनी नाकारले. तेव्हा वाईट वाटले, पण समारंभात त्या दिसल्या असत्या तर त्या कोण, हे पन्नास जणांना सांगावे लागले असते.

दोन भेटींच्या मध्ये त्या फोनवर उपलब्ध नसतात, व्हॉट्सॲपवर केवळ वेळ बदलण्याविषयी उत्तर देतात. ज्यांना आधारासाठी सतत कोणी हवे असते त्यांना हे कठोर वाटेल. त्यांच्या पत्रकावर टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक ठळक छापला आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. औषधांची गरज वाटल्यास त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. मला झोपेसाठी काही काळ औषध घ्यावे लागले, त्या काळात डॉक्टरांना त्या माझ्या संमतीने, मला आधी वाचायला देऊन, लेखी टिपण पाठवत.

एका सत्राचे 1,200 रुपये पडतात आणि ते 50 मिनिटांचे असते. निवृत्त आणि विद्यार्थ्यांसाठी शुल्क कमी आहे, ते विचारल्यास सांगतात. पावती मिळते, पण विम्याचा भरवसा धरू नये. 2017 च्या कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने लेखले पाहिजे हे खरे, तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात आणि बाह्यरुग्ण समुपदेशन त्यात बसत नाही. आधीच्या दिवशी दुपारपर्यंत न कळवता भेट चुकवल्यास अर्धे शुल्क आकारले जाते.

माझ्या भेटी प्रथम दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, आणि आता तीन महिन्यांनी अशा लांबत गेल्या आहेत. त्या लांबवण्याचा प्रस्ताव दर वेळी त्यांच्याकडूनच आला, तक्त्यांवर बोट ठेवून. शेवटच्या भेटीत पुढची तारीख ठरवताना त्या म्हणाल्या की त्या दिवसापर्यंत गरज वाटली नाही तर फोन करून रद्द करा, त्याचे पैसे लागणार नाहीत. नव्या लोकांना सध्या सुमारे महिनाभर थांबावे लागते. पहिल्या फोनवर त्या दहा मिनिटे बोलतात, प्रश्न त्यांच्या कक्षेतला नसेल तर तेव्हाच सांगतात, आणि त्या फोनचे शुल्क घेत नाहीत.